भुरीची उजवी बाजू

९ जानेवारी

प्रिय टिपरी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ते तूच ठरव. तुझं कागदोपत्री नाव लिहून पाहिलं, तर पत्र बँकेला लिहितेय असं वाटायला लागलं.

तुझा पत्ता आपल्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून मिळाला. तू त्यांना अधूनमधून लिहितेस हे मला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी हातात देताना म्हणाल्या, "फोन करू नका, ती उचलणार नाही. पत्र लिहा. फाडायचं असलं तरी हातात घ्यावं लागतं."

बाबांना नोव्हेंबरात पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द एकच राहिलाय, "नको", आणि हो म्हणायचं असलं तरी तोच येतो. त्यावर ते स्वतःच इतके चिडतात की पुढचा तासभर मान फिरवून पडून राहतात. मी त्यांना पुढच्या खोलीत, खिडकीशी ठेवलंय. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेते. इस्पितळात दिवसभर तेच करायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच.

रायडिंग स्कूल बंद केलं. जागेचा करार मेमध्ये संपतोय आणि पुढे चालवणार कोण? शहरापलीकडच्या एका तबेल्याचा मालक येऊन पाच घोडे घेऊन गेला. भुरीला त्याने ठाणाबाहेर काढायला लावलं, एक चक्कर चालवून पाहिलं आणि लगाम धरलेल्या मामांना म्हणाला, "हिला राहू द्या." मामा अजून आहेत. एका घोडीला एक मोतद्दार, असा थाट आहे आमचा.

तू तिला साडेचार वर्षांत पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. ती उभी राहते ती पुढच्या दोन पायांवर. मागचा उजवा पाय नुसता टेकवलेला असतो, भाड्याने आणल्यासारखा. पाठ खचलीये, पोट लोंबतंय. मानेचा वरचा भाग ओसरून खालचा फुगलाय. मागून पाहिलं तर कमरेची दोन हाडं एका पातळीत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेपर्यंत ती नीट तोल सांभाळून चालायला लागली तर कोणीतरी ठेवून घेईल. नाही तर इंजेक्शन. "भलत्याच्या गाडीला जुंपली जाण्यापेक्षा बरं," असं त्या म्हणाल्या, आणि त्या असं उगाच म्हणत नाहीत.

मी माणसांना व्यायाम देते. घोड्यांची मला भीती वाटते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पण मणका तो मणका. खोगीर घालायच्या आधी तू गाजर घेऊन तिच्याकडून काहीतरी करून घ्यायचीस, इतकंच आठवतंय. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. लिहून कळवशील?

त्या दिवसाबद्दल मी काही विचारत नाही आणि काही सांगतही नाही. हे फक्त भुरीसाठी.

ताई


३ फेब्रुवारी

प्रिय टिपरी,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. माझं मीच सुरू केलं.

पहिल्या दिवशी गाजराच्या चकत्या केल्या आणि तिने चकतीबरोबर माझं नखही चाखलं. मामा कोपऱ्यात उभे राहून म्हणाले, "ताई, हात असा पुढे करताय, जणू सापाच्या बिळात घालताय." मग त्यांनी तिचं तोंड धरलं आणि मी लांबून गाजर दाखवलं. दोन माणसं, एक गाजर.

आता जमतंय. मी खांद्याजवळ उभी राहते, गाजर हळूहळू मागे नेते, ती मान वळवून मागोमाग येते. डावीकडे थेट बरगड्यांपर्यंत पोचते. उजवीकडे खांद्यापर्यंत येते आणि तिथे घोडं पेंड खातं. मान वळवायची सोडून अख्खी घोडीच गोल फिरते. माझे पेशंट असंच करतात. मान वळवा म्हटलं की खुर्ची वळवतात. म्हणून तिला भिंतीला लावून उभी केली. आता तिला फिरता येत नाही, तर ती गाजरच सोडून देते. गाजर सोडणारी घोडी मी पाहिली नव्हती. मामा म्हणाले, त्यांनीही नाही.

उजव्या कमरेवर हात ठेवला की कातडी थरथरते. माणूस असता तर विचारलं असतं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं.

बाबांच्या खिडकीतून रिंगण दिसतं. मी भुरीला बाहेर काढते तेव्हा ते बघत असतात. परवा सहज म्हणून त्यांची खुर्ची आणखी पुढे सरकवली, नीट दिसावं म्हणून. त्यांनी डाव्या हाताने पडदा ओढून घेतला. एका हाताने पडदा ओढायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत केली नाही.

ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय टिपरी,

तुझा कागद मिळाला.

वर "भुरी" लिहिलंय, खाली सही नाही. ना मला, ना बाबांना एक अक्षर. तरी मी तो इस्पितळाच्या कोटाच्या खिशात घालून फिरतेय, म्हणजे बघ. पाठ झालाय. "आधी दहा मिनिटं चालव. थंड अंगाला ताण देऊ नकोस. गाजर लांब उभं काप. ओढायचं नाही, तिने यायचं. दहा मोजायचे, सोडायचं. पाय हलला तर तो ताण मोजायचा नाही. हनुवटी छातीकडे, मग गुडघ्यांच्या मधे. पोटाखाली मध्यरेषेवर बोटांनी वर दाबलं की पाठ उचलते. जमिनीवर बांबू टाकून त्यांवरून चालव. मागे चार पावलं सरळ ढकल. उजवीकडे कधीही घाई करू नकोस."

सगळं करते. पोटाखाली बोटं लावली त्या दिवशी पाठ खरंच वर आली, चादरीखाली कोणी कूस बदलावी तशी. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मी बोटं काढली तशी पाठ पुन्हा खाली. पण दुसऱ्या दिवशी जरा उशिरा खाली गेली. बांबूंवर आधी ठेचकाळायची, चारातले तीन पाडायची. आता एखादाच पडतो. परवा खरारा करताना मामा म्हणाले, "हिचं सावलीतलं उभं राहणं बदललंय." मला ते दिसलं नाही, पण ते चोवीस वर्षं घोडे बघतायत.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. कमरेच्या हाडांवर अंगठे ठेवून बराच वेळ दाबत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मला बोलावलं दोन महिन्यांनी आणि सांगितलं की उडी चुकली. ही इजा उडीची नाही. उडी चुकली तर पुढचे पाय जातात. ही मागे उलटून कमरेवर पडलीये. कोणी पाहिलं नव्हतं का?"

मी गाजरं कापत होते. कापत राहिले. म्हटलं, "मला घोड्यांतलं काय कळतंय."

त्यांनी हात धुतले आणि गेल्या.

बाबांचा पाय थोडा हलतोय. हात नाही.

ताई


२१ मार्च

प्रिय टिपरी,

सोमवारी मी घाई केली.

एप्रिल तोंडावर आलाय आणि उजवी बाजू अजून तंगाच्या जागेपर्यंतही येत नव्हती, म्हणजे खोगिराचा पट्टा बसतो तिथपर्यंत. मला वाटलं, थोडं जास्त धरलं तर येईल. आदल्या दिवशी सुट्टी म्हणून इस्पितळात नव्हते, हात शिवशिवत होते असं समज. दहाचे वीस मोजले. ती आलीही. मान आली, तोंड पट्ट्यापाशी लागलं, आणि मागचा उजवा पाय खालून निघून गेला. ती बसली. कुत्रं बसतं तशी मागे बसली, आणि ओरडली नाही, काही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मामा धावत आले. तिला उठवायला आम्हाला अर्धा तास लागला. उठल्यावर तिने माझ्या हातातलं उरलेलं गाजर खाल्लं. मला तेच सहन झालं नाही.

मी तिथेच चंदीच्या पोत्यावर बसले. मामा तिची कमर चोळत होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी ती अशीच पडली होती."

ते चोळायचे थांबले नाहीत. म्हणाले, "मला माहीत आहे. मी गवताच्या माळ्यावर होतो."

"तुम्ही पाहिलंत? मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"मला कोणी विचारलंच नाही, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला विचारलं होतं."

म्हणून आज लिहितेय. वरातीमागून घोडं आहे, ठाऊक आहे. तरी सगळं लिहिते, कारण तुला अर्धंच माहीत असणार.

त्या दिवशी सकाळी तू भुरीला अडथळ्यांवरून नेलंस. सुरेख गेली ती. दुपारी तू घोडेस्वारीच्या संघाच्या निवडीचे कागद द्यायला गेलीस. तू गेल्यावर बाबांनी तिला काढलं. त्यांचं एकच पालुपद होतं, हिची मान कच्ची आहे, पोरीने लाडावून ठेवलंय. त्यांनी दोन्ही बाजूंनी चामडी पट्टे लगामापासून खोगिरापर्यंत बांधले. इतके आखूड, की तिची हनुवटी छातीला चिकटली. मी त्यांचा चहा घेऊन आले होते आणि चंदीच्या खोलीच्या खिडकीत उभी होते. ते तिच्यावर बसले. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. ती मागे सरकली, आणखी मागे सरकली, मग पुढचे पाय उचलले आणि सबंध उलटली. उजव्या कमरेवर. आवाज पोतं टाकल्यासारखा आला. बाबा बाजूला फेकले गेले होते. ते उठले. आणि टिपरी, ते तिच्याजवळ गेले ते पट्टे सोडायला. आधी पट्टे सोडले, गुंडाळून खिशात घातले, मग तिला उठवलं. मान वर केली तेव्हा मी दिसले.

"तू काही पाहिलं नाहीस," ते म्हणाले. दम दिला नाही. कामावरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत होती. निवडीचा माणूस आला होता, मुलांचे आईबाप आले होते. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले की सांगितलेल्यापेक्षा उंच उडी मारायला लावली, पोरीने घोडी बिघडवली. तू त्यांच्याकडे बघितलंसही नाहीस. माझ्याकडे वळलीस. "ताई, काल दुपारी तू इथे होतीस. मी गेल्यावर हिला कोणी काढलं होतं का?"

"मी काही पाहिलं नाही."

संघातून तुझं नाव गेलं. महिन्याभरात तूही गेलीस. जाताना माझ्याशी बोलली नाहीस, म्हणजे तुला कळलंच होतं.

का केलं, हे कोणी विचारलं तर मी सांगत आले असते की बाबांच्या नावासाठी, स्कूलसाठी. आपलेच दात, आपलेच ओठ वगैरे. ते खरं नाही. लहानपणापासून जेवायला बसलं की तू आणि बाबा घोड्यांबद्दल बोलायचात, आणि मी वाढायचे. मला विचारायचे ते "भात आहे का अजून?" एवढंच. त्या दुपारी पहिल्यांदा बाबांचं आणि माझं असं काहीतरी झालं, ज्यात तू नव्हतीस. मला ते सोडवेना. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला भीती वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. हे लिहायलाच मला इतके दिवस लागले. बाकीचं तर मामाही सांगू शकले असते.

पुढे बाबांनी माझ्याशी कधी त्याचा उल्लेख केला नाही. आणि जेवताना तू नव्हतीस तर ते कोणाशीच बोलेनासे झाले.

हे पत्र टाकून आले की त्यांना सांगणार आहे. आणि याची एक प्रत निवड समितीला पाठवतेय, एक डॉक्टरीणबाईंना. त्याने काही परत येणार नाही. तुझं वय निघून गेलं.

भुरीला आठवडाभर नुसतं चालवतेय.

ताई


४ मे

टिपरी,

दीड महिना वाट पाहिली. मग कळलं की तू डॉक्टरीणबाईंना तीन वेळा फोन केलास. भुरीची चौकशी केलीस, चालण्याची चित्रफीत मागवलीस, तिला नेणार म्हणालीस. "माझ्याबद्दल काही?" असं मी त्यांना विचारलं. त्या खोटं बोलत नाहीत. "नाही," म्हणाल्या.

समितीचं उत्तर आलं. दोन ओळी आहेत, नोंद घेतली म्हणून. भुरीच्या डॉक्टरी कागदांत लावलंय.

गाडी सकाळी आली. ड्रायव्हर बरा माणूस आहे, आधी घोडीला पाणी दाखवलं आणि मग स्वतः प्यायला. तिच्यासाठी मी एक पेटी भरून ठेवली होती. खरारा, तुझी जुनी टोपी, दोनचार वस्तू. तो संकोचून म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, घोडी आणि घोडीचे कागद, बाकी काही आणायचं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "कागदांत काय आहे, ते मी वाचत नाही." म्हणून हे पत्र कागदांत घालतेय.

इस्पितळात पेशंट दुसरीकडे पाठवताना आम्ही त्याची हकिगत लिहून देतो. तशी ही. ती आता चारी पायांवर उभी राहते. उजवी कमर अजून बोटभर खाली आहे, ती तशीच राहील. पाठ भरलीये, हात फिरवून बघ. डावीकडे मान कमरेपर्यंत जाते, उजवीकडे पट्ट्याच्या जागेपर्यंत. त्यापुढे नेऊ नकोस. मी नेलं होतं. बांबूंवरून न ठेचकाळता जाते. मागे सहा पावलं सरळ येते. थंडीत पहिली दहा मिनिटं फार वाईट जातात, तेव्हा बोलत राहावं लागतं. काय बोललं तरी चालतं, मी तिला इस्पितळातल्या गोष्टी सांगायचे. तिच्यावर कोणी बसायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय.

फळीवरून गाडीत चढायला तिला जड गेलं. चढावर सगळा भार मागे येतो. मामांनी तिला तिरकी घेतली, दोन पावलं वर, एक खाली. मी उजव्या बाजूला चालत होते. आपण घोड्याला भीत होतो, हे वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. मामा तिच्या मानेवर डोकं टेकवून बराच वेळ उभे होते. तेही उद्यापासून मुलीकडे राहायला जातायत.

आम्ही महिनाअखेर दोन खोल्यांच्या जागेत जाऊ. तळमजला आहे, बाबांच्या खुर्चीसाठी.

बाबांना मी मार्चमध्ये सांगितलं होतं, सगळं लिहून कळवलं म्हणून. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर पंधरा दिवस व्यायामाला हात दिला नाही. मी रोज वेळेवर बसायचे, ते भिंतीकडे तोंड करून असायचे, आणि वेळ झाली की मी उठायचे. मग एक दिवस त्यांनी हात दिला. मला बोलायचं नव्हतं, त्यांना येत नव्हतं.

गेल्या गुरुवारी मी त्यांना सांगितलं, टिपरी भुरीला नेतेय. ते खुणा करायला लागले. पाणी देऊ? उशी? शेवटी कळलं की पेन हवंय. इस्पितळाच्या तारखांचा कागद होता, त्याच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने लिहायला बसले. पाऊण तास लागला. घामाने सदरा भिजला. एकदा कागद फाटला, तिथे त्यांनी दुसऱ्या जागी सुरू केलं. मग पेन टाकून दिलं आणि कागद माझ्याकडे ढकलला.

मला तो वाचता येत नाही. चार-पाच अक्षरं आहेत, नाही तर ती अक्षरंही नसतील. अशा आजारात हाताने लिहिलेल्याला अर्थ असेलच असं नाही, हे मी रोज नातेवाइकांना समजावून सांगते. पहिलं अक्षर 'ट' आहे असं मला वाटतं, पण मला तसं वाटायला हवंय म्हणूनही वाटत असेल.

कागद सोबत जोडलाय. तू त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. काही लागलं तर ते तुझं तुझ्याकडे ठेव. मला कळवायची गरज नाही.

ताई